क्लोन झाला, पण त्यावरून मशीन सुरू होतं का?

गेल्या अंकात बॅकअपबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते, की आख्ख्या ड्राइव्हचा क्लोन (हुबेहूब नक्कल) एक्सटर्नल डिस्कवर करून ठेवा, आतली डिस्क गेली तर बाहेरच्या डिस्कवरून मशीन सुरू करा आणि कामाला लागा. वाक्य चुकीचं नाही पण अर्धवट आहे, आणि त्यामुळे बरेच जण अडकले हे आलेल्या पत्रांवरून दिसतंय, म्हणून या वेळचं सदर पूर्ण याच विषयाला दिलंय. एक गोष्ट आधीच सांगते. प्रोग्रामने 'शंभर टक्के पूर्ण' दाखवलं म्हणजे क्लोन तयार झाला असं धरू नका. त्यावरून मशीन एकदा प्रत्यक्ष सुरू करायचं, आत जाऊन दोन-चार फाइली उघडून बघायच्या, मगच त्याला क्लोन म्हणायचं.

प्रश्न: ताई, मी सी ड्राइव्ह उघडला, हिडन फाइल दिसतील असं सेटिंग केलं, सगळं सिलेक्ट करून एक्सटर्नल हार्ड डिस्कवर कॉपी केलं. मध्ये मध्ये 'फाइल वापरात आहे' असं येत होतं तिथे स्किप करत गेलो. रात्रभर चाललं. सकाळी बूट मेनूत (मशीन कुठल्या डिस्कवरून सुरू करायचं ते निवडायच्या यादीत) बघतो तर ती डिस्क यादीतच नाही. फाइली तर सगळ्या आहेत त्यावर, मग सुरू का होत नाही?

उत्तर: कारण मशीन सुरू होताना आधी सी ड्राइव्हकडे बघतच नाही. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि खाली डिस्क झिरोची आडवी पट्टी आहे ती नीट बघा. सी च्या डावीकडे एक चिंचोळा तुकडा दिसेल, १०० एमबीचा, काही लॅपटॉपवर २६० एमबीचा, त्याला ड्राइव्ह लेटर नाही आणि त्यावर ईएफआय सिस्टम पार्टिशन असं लिहिलेलं असतं. पॉवर आली की मशीनचं फर्मवेअर (आपण सवयीने अजून त्याला बायोसच म्हणतो) आधी हा तुकडा शोधतं. तो फॅट३२ मध्ये असतो कारण फर्मवेअरला वाचता येईल असा तोच फॉरमॅट ठरलेला आहे. त्यातला बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) उचलला जातो, तो बीसीडी नावाच्या छोट्याशा नोंदीतून विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे ते वाचतो आणि मग कुठे सी चा नंबर लागतो. त्याच डिस्कवर १६ एमबीचा अजून एक राखीव तुकडा असतो, तो तर डिस्क मॅनेजमेंट दाखवतसुद्धा नाही, आणि टोकाला बहुतेक वेळा रिकव्हरी पार्टिशन. तुम्ही कॉपी केलं ते फक्त मधल्या मोठ्या तुकड्यातलं सामान, बाकीचं तिकडे गेलंच नाही.

दुसरं म्हणजे ज्या फाइली तुम्ही स्किप केल्या त्यातच विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या सेटिंगची नोंदवही, होती. चालू विंडोज ती स्वतः धरून बसलेलं असतं, एक्सप्लोररला ती कॉपी करू देत नाही. म्हणजे बूटलोडर असता तरी गाडी पुढे गेली नसती. पण ती कॉपी पुसू नका हं, तुमचे फोटो आणि डॉक्युमेंट त्यात आहेत, तेवढ्यापुरता तो चांगला बॅकअप आहे.

क्लोन म्हणजे पार्टिशन टेबलपासून (कुठला तुकडा कुठे आहे याची डिस्कवरची यादी) सगळे तुकडे जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवणं. आणि इमेज म्हणजे तेच सगळं एका मोठ्या दाबलेल्या फाइलमध्ये भरून ठेवणं, त्यावरून थेट मशीन सुरू होत नाही, आधी ती कुठल्यातरी डिस्कवर रिस्टोअर करावी लागते, पण एका एक्सटर्नलवर वेगवेगळ्या तारखांच्या चार इमेज मावतात हा तिचा फायदा.

प्रश्न: मॅडम, लॅपटॉपमध्ये ५१२ जीबी एसएसडी आहे, त्यातली ३०० जीबी भरलीय. हातात ५०० जीबीची एक एसएसडी पडून आहे. क्लोनझिलाने (पेन ड्राइव्हवरून चालणारा फुकट क्लोनिंग प्रोग्राम) क्लोन करायला घेतला तर टार्गेट लहान आहे म्हणून थांबतो. मी सी ड्राइव्ह २० जीबीने श्रिंक केला तरी तेच. वेळ किती लागेल तेही सांगा.

उत्तर: श्रिंक केल्यावर परत डिस्क मॅनेजमेंट बघितलं का? सी च्या उजवीकडे रिकामी जागा आणि त्याच्याही उजवीकडे रिकव्हरी पार्टिशन असं दिसत असेल. म्हणजे जागा मोकळी झाली ती मध्ये, शेवटचा तुकडा अजून डिस्कच्या टोकालाच चिकटलेला आहे, आणि क्लोनझिला तर सुरुवातीला आख्ख्या डिस्कचाच आकार तपासतो. जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या प्रोग्रामच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून तो रिकव्हरीचा तुकडा डावीकडे सरकवता येतो आणि क्लोनझिलाच्या एक्सपर्ट मोडमधल्या -icds पर्यायाने तो आकाराचा तपास टाळता येतो, मी केलंय, पण ज्या डिस्कचा अजून एकही बॅकअप नाही तिच्यावर पार्टिशन सरकवायचा प्रयोग करणं मला पटत नाही. एसएसडी बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच्या डिस्कसाठी क्लोनिंगचं सॉफ्टवेअर देतात, त्यातली बरीच डेटा मावत असेल तर लहान डिस्कवरही क्लोन करतात, ते आधी करून बघा. आणि नवीन घेणारच असाल तर सरळ समान किंवा मोठी घ्या, ५१२, ५०० आणि ४८० हे तिन्ही आपण बोलताना 'पाचशे' म्हणतो पण क्लोनिंगला तो फरक चालत नाही.

क्लोनझिला सुरू करायच्या आधी विंडोज पूर्ण बंद व्हायला हवं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, नेहमीच्या शट डाउनमध्ये ते अर्धं झोपतं आणि एनटीएफएस पार्टिशन अर्धवट उघडं राहतं, मग क्लोनझिला त्याला हात लावत नाही. शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं की खरंखुरं बंद होतं. आणि क्लोनझिलात तुमची आतली डिस्क दिसलीच नाही तर घाबरू नका, बायोसमध्ये स्टोरेज रेड किंवा आरएसटी मोडवर असेल. पण ते तिथल्या तिथे एएचसीआय या साध्या मोडवर बदलून टाकू नका, विंडोज पुढच्या वेळी सुरू व्हायला नकार देऊ शकतं. अशा मशीनवर विंडोजच्या आतूनच चालणारा क्लोनिंग प्रोग्राम वापरणं सोपं पडतं.

वेळेचा हिशोब असा: क्लोनझिला फक्त भरलेली जागा कॉपी करतो, म्हणजे ३०० जीबी. सेकंदाला १०० एमबी मिळाले तर ५० मिनिटं. पण केबल किंवा पोर्ट जुना यूएसबी २ चा निघाला तर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास, म्हणजे पावणेतीन तास.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या हातून काही वर्षांपूर्वी सोर्स आणि टार्गेट उलटं झालं. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, दोन्ही ५०० जीबी, स्क्रीनवर एक एसडीए आणि एक एसडीबी, मी घाईत वाय दाबलं, त्याने परत विचारलं, परत वाय दाबलं. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरायला लागली. पार्टिशन टेबल पहिल्या काही सेकंदातच जातं. केबल ओढली तोवर उशीर झाला होता. दोन वर्षांचं काम त्यावर होतं, थोडं परत मिळालं, बरंचसं नाही. तेव्हापासून मी क्लोनच्या आधी दोन्ही डिस्कच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढते आणि स्क्रीनवरच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे फोटोशी मोठ्याने वाचून जुळवते, मगच वाय. आणि या दोन डिस्क सोडून बाकी एकही यूएसबी डिस्क मशीनला लावलेली ठेवत नाही. कृपा करून तुम्ही पण एवढं कराच.

प्रश्न: क्लोन झाला, एरर नाही, बूट मेनूत (एफ१२) यूएसबी डिस्क दिसते पण, निवडली की विंडोजचा लोगो येतो, गोल फिरतं, आणि निळा स्क्रीन, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. तीनदा क्लोन केला, तिन्ही वेळा तेच.

उत्तर: चौथ्यांदा करू नका, तुमचा क्लोन बहुतेक चांगलाच आहे. लोगो येतो म्हणजे बूटलोडर सापडला आणि विंडोजचा गाभा लोड व्हायला लागला. अडतं ते पुढच्या पायरीवर. तोवर डिस्क वाचायचं काम फर्मवेअर करत होतं, आता विंडोज ते स्वतःच्या हातात घेतं, आणि साध्या इन्स्टॉलमध्ये विंडोज असं गृहीत धरतं की आपण आतल्या साटा किंवा एनव्हीएमई (आतली डिस्क जोडायच्या या दोन पद्धती) डिस्कवर आहोत. यूएसबीचे ड्रायव्हर वेळेत उभे राहिले नाहीत तर ज्या डिस्कवर आपण उभे आहोत तीच त्याला दिसत नाही. काही मशीनवर निभावून जातं, काहींवर नाही, त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

यूएसबीवरून चालणारं विंडोज मायक्रोसॉफ्टनेच २०१२ मध्ये विंडोज ८ एंटरप्राइजबरोबर आणलं होतं, विंडोज टू गो नावाने, पण विंडोज १० च्या २००४ व्हर्जनपासून, म्हणजे २०२० मध्ये, ते काढून टाकलं. रुफस या फुकट प्रोग्राममध्ये अजूनही तसा पेन ड्राइव्ह किंवा डिस्क बनवायचा पर्याय आहे, पण त्यातून नवं कोरं विंडोज मिळतं, तुमच्या मशीनची नक्कल नाही.

मग विंडोजवाल्यांनी काय करायचं? माझं मत असं आहे की यूएसबीवरून चालवायचा हट्ट सोडा. आतल्या डिस्कसारखीच, आत बसेल अशी एसएसडी घ्या (आत एनव्हीएमई असेल तर एनव्हीएमई, साटा असेल तर साटा), ती तशाच जातीच्या केसिंगमध्ये (डिस्क यूएसबीला जोडून देणाऱ्या डबीत) घालून यूएसबीने क्लोन करा, आणि गरज पडली की केसिंगमधून काढून लॅपटॉपच्या आत बसवा. तिथे विंडोजला सगळं ओळखीचं वाटतं. त्याच मशीनमध्ये डिस्क बदलली तर अ‍ॅक्टिव्हेशनही बहुतेक शाबूत राहतं, कारण ते मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं.

तपासायचं पण असंच. एक सुट्टीचा दिवस बघून, मागचं झाकण उघडून, जुनी काढून क्लोन बसवा आणि सुरू करा. कंटाळवाणं वाटतं, मला कळतंय, पण मागचे स्क्रू कुठल्या मापाचे आहेत आणि ती एसएसडी धरणारा बारकासा स्क्रू कुठे घरंगळून जातो हे डिस्क मेल्याच्या दिवशी शिकण्यापेक्षा आज शिकलेलं बरं. झाकण न उघडणारा लॅपटॉप असेल, एसएसडी बोर्डालाच सोल्डर केलेली असेल, तर क्लोनच्या मागे लागू नका, इमेज घ्या आणि रिस्टोअर करायचा रेस्क्यू पेन ड्राइव्ह आजच बनवून त्यावरून मशीन सुरू होतं का बघा.

प्रश्न: ताई माझ्याकडे एम१ चिपचं मॅकबुक आहे. जुन्या इंटेल मॅकवर मी सुपरडुपरने बूट होणारा क्लोन करायचे, ऑप्शन दाबून बाहेरच्या डिस्कवरून सुरू करायचे, इतकं सरळ होतं. आता ते का जमत नाही?

उत्तर: तुमची सवय चांगली होती, बदललंय ते मॅक. २०१९ च्या कॅटालिनात ॲपलने सिस्टम एका वेगळ्या, फक्त वाचता येणाऱ्या व्हॉल्यूमवर (डिस्कच्या भागावर) नेली आणि तुमचा डेटा दुसऱ्या. २०२० च्या बिग सर मध्ये त्या सिस्टम व्हॉल्यूमला सील लावलं, आत एक बाइट बदलला तरी सही जुळत नाही. त्यामुळे कार्बन कॉपी क्लोनर किंवा सुपरडुपर ती स्वतः फाइल-फाइल करून उतरवू शकत नाहीत, ॲपलच्याच एएसआर नावाच्या यंत्रणेच्या भरवशावर राहावं लागतं.

पण खरी मेख वेगळीच आहे. एम१ आणि त्यापुढच्या मॅकवर सुरू होण्याची पहिली पायरी आतल्या स्टोरेजमधूनच होते, बाहेरच्या डिस्कवरून सुरू करायचं असलं तरीही. म्हणजे आतलं स्टोरेज पूर्ण मेलं तर बाहेरचा कितीही उत्तम क्लोन असो, मॅक उठणार नाही. ज्या दिवसासाठी क्लोन ठेवायचा त्याच दिवशी तो चालणार नाही, मग त्यासाठी धडपड कशाला? डेटा व्हॉल्यूमचा बॅकअप नियमित घ्या, मॅकमधल्याच टाइम मशीनने किंवा कार्बन कॉपी क्लोनरने, दोन्हीने घेतला तर उत्तम. दुसरा मॅक हातात आला की त्यातल्या मायग्रेशन असिस्टंट या प्रोग्रामला तो बॅकअप दाखवायचा, प्रोग्राम, सेटिंग, फाइली सगळं येतं. बाहेरून बूट होणारी डिस्क हवीच असेल तर त्या डिस्कवर मॅकओएस रीतसर इन्स्टॉल करा आणि मग डेटा आणा. निवडताना आता ऑप्शन नाही, पॉवर बटण दाबून धरायचं, ऑप्शन्सचा स्क्रीन येईपर्यंत.

ज्यांच्याकडे टी२ चिपचं इंटेल मॅक आहे त्यांनी रिकव्हरीत जाऊन स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीमध्ये बाहेरच्या डिस्कवरून सुरू व्हायची परवानगी आधी देऊन ठेवा, ती सुरुवातीला बंद असते.

प्रश्न: बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असताना क्लोन केला तर चालतो का?

उत्तर: सगळ्यात आधी ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, त्याशिवाय पुढे जाऊ नका. कित्येकांच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि त्यांना माहीतही नसतं. क्लोनझिलाला बिटलॉकरच्या आतलं काही कळत नाही, मग तो रिकाम्या जागेसकट सगळं एकेक सेक्टर (डिस्कवरचा लहानात लहान तुकडा) उतरवतो, वेळ खूप जातो आणि आकार बदलता येत नाही. विंडोजच्या आतून क्लोन केला तर उलट होतं, क्लोन बहुतेक वेळा उघडा तयार होतो, कुलूप नसलेला. ती डिस्क कुणाच्या हाती लागली तर सगळं वाचता येईल, म्हणून तपासणी झाली की क्लोनवरही बिटलॉकर परत चालू करा.

प्रश्न: क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क लावून ठेवल्या तर?

उत्तर: पहिल्यांदा सुरू करताना नको. दोन्हींची ओळख, म्हणजे डिस्क सिग्नेचर किंवा जीयूआयडी, अगदी एकच असते. विंडोज गोंधळून त्यातली एक ऑफलाइन करतं. लिनक्सवर तर जास्त जपा, तिथे पार्टिशन यूयूआयडी या ओळख क्रमांकाने शोधली जातात आणि दोन ठिकाणी एकच यूयूआयडी असला की तुम्हाला वाटतं आपण क्लोनवरून चालतोय, लिहिलं जातं मूळ डिस्कवर. बाकी लिनक्सचे क्लोन यूएसबीवरून सगळ्यात सहज उठतात हे मात्र खरं.

प्रश्न: मॅडम, लॅपटॉप आठवड्याभरापासून फार स्लो झालाय, म्हणून घाईने क्लोन करायला घेतला तर ७ टक्क्यांवर अडकतो. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राम पिवळा 'कॉशन' दाखवतोय, करंट पेंडिंग सेक्टरच्या ओळीत. चेकडिस्क चालवू का? पीएचडीचं सगळं काम यात आहे आणि दुसरी कॉपी नाही.

उत्तर: या ताईंना मी त्याच दिवशी मेलने कळवलं होतं, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय. चेकडिस्क अजिबात नको. पेंडिंग सेक्टर म्हणजे डिस्कला जे वाचताना अडचण आलीय आणि काय करायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही असे तुकडे. चेकडिस्क फाइल सिस्टमची डागडुजी करायला त्याच डिस्कवर लिहायला लागतं, आणि मरणाऱ्या डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलेलं पण घालवणं. नेहमीचे क्लोनिंग प्रोग्राम एका खराब सेक्टरवर आपटत बसतात, प्रत्येक आपटण्यात डिस्कचं आयुष्य कमी होतं.

त्यांना सांगितलं ते असं. मशीन बंद करा, विंडोज परत सुरू करू नका. कुठल्याही लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी चांगला भाग भराभर उचलतं, खराब जागा दिसली की ओलांडून पुढे जातं, आणि सगळ्यात शेवटी त्या अवघड जागांकडे परत वळतं. कुठलं झालं आणि कुठलं राहिलं याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं, ती फाइल तिसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवायची, म्हणजे मध्ये लाइट गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. उतरवायचं ते मोठ्या, चांगल्या डिस्कवर. आणि डिस्कमधून कट् कट् असा आवाज येत असेल तर हेही करू नका, पॉवर काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच द्या, तिथे मिनिटभर चालू ठेवणंही महागात पडतं.

परवा त्यांचा मेल आला. दोन रात्री डीडीरेस्क्यू चाललं, शेवटी काही एमबीच वाचता आले नाहीत. नवी डिस्क आत बसवल्यावर विंडोज उठलं नाही, बहुतेक वाचता न आलेल्या जागेत विंडोजच्याच फाइली असाव्यात, पण डिस्क केसिंगमध्ये घालून दुसऱ्या मशीनला लावली तर थीसिसचं फोल्डर उघडलं. मुलाखतींच्या दोन रेकॉर्डिंग अर्ध्यावर थांबतात, बाकी सगळं आहे. विंडोज नव्याने टाकून झाल्यावर त्यांनी लगेच एक क्लोन केलाय, झाकण उघडून तो सुरू करून बघितलाय, आणि केसिंगवर तारखेची चिठ्ठी चिकटवलीय.